मी सांगितलेलं नाव

बायको लेकीच्या बाळंतपणासाठी अमरावतीला गेली आणि अकोल्याच्या घरात मी एकटा उरलो. मे महिना होता. स्वयंपाकातलं मला खिचडी आणि चहा एवढंच येतं, आणि तेवढ्यावर माझं बरं चाललं होतं. सकाळी पेपर, दुपारी कूलरसमोर झोप, संध्याकाळी शेजारच्या भाईंच्या दुकानाच्या पायरीवर गप्पा.

भाई गादीवाले आहेत. जुन्या शहरात आमची दोन घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत, मधली भिंत एकच. त्यांच्या पुढच्या खोलीत कापूस पिंजायची मशीन आहे. ती सुरू झाली की आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर बारीक हलतं. पाहुण्यांना तो आवाज सोसत नाही. आम्हाला तो थांबला की चुकल्याचुकल्यासारखं होतं. माझ्या आणि भाईंच्या वयात फार अंतर नाही. मी त्यांना भाई म्हणतो, ते मला वकीलसाहेब म्हणतात, आणि आमच्या बायका आमच्यापेक्षा जास्त बोलतात.

मी आयुष्यभर दिवाणी कोर्टात वाटणीचे आणि शेताच्या बांध-धुऱ्याचे दावे चालवले. आता कोर्टात जात नाही, पण गल्लीत कोणाला नोटीस आली की तो कागद अजून माझ्याकडेच येतो. माझ्याबद्दल असा एक समज होता की हा माणूस भीत नाही. एका दाव्यात समोरच्या पार्टीचा माणूस घरी येऊन टेबलावर चाकू ठेवून बसला होता, तेव्हा मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की ती सुरू झाली की बायको उठून आत जाते. गावात कर्फ्यू असायचा त्या दिवसांतही मी आणि भाई गल्लीच्या तोंडाशी खुर्च्या टाकून बसलेलो आहोत. तेव्हा समोरून काय येतंय ते दिसत होतं आणि शेजारी माणूस होता. धोका म्हणजे असाच असतो, दिसणारा, अशी माझी समजूत झाली होती.

फोन सकाळी आला. एक मुलगी अदबीने हिंदीत बोलत होती. माझ्या नावाचं एक पार्सल पकडलं गेलं आहे, त्यात बंदी असलेला माल आहे, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, मी काही पाठवलेलं नाही. "सर, मग तुमच्या आधारचा कोणी गैरवापर केला असेल. घरी कोण कोण असतं?" तिचा आवाज इतका काळजीचा होता की मी सांगून टाकलं, बायको लेकीच्या बाळंतपणाला अमरावतीला गेली आहे, मी एकटाच आहे. हे मीच सांगितलं होतं. पुढे तासाभरात मी ते साफ विसरलो.

तिने फोन तिच्या साहेबाला दिला. साहेब व्हिडिओवर आला. अंगात वर्दी, मागे झेंडा, टेबलावर फायलींचा ढीग.

"वकीलसाहब, कानून मैं आपको क्या सिखाऊँ," तो म्हणाला. "आप तो जानते हैं. इसीलिए आप पर ज़्यादा सख़्ती होगी."

मी कलम विचारलं. त्याने चार कलमं धडाधड सांगितली. व्हिडिओवर अटक होत नसते हे कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही समजतं. मलाही समजत होतं. मी फोन ठेवायला हात पुढे केलादेखील. तेवढ्यात तो म्हणाला, "बेटी अमरावती में है ना? डिलिवरी के टाइम पुलिस दरवाज़े पे आएगी तो अच्छा लगेगा?"

माझा हात तिथेच थांबला. याला लेकीचं कसं माहीत, हा एकच विचार डोक्यात फिरायला लागला, आणि त्या विचारापुढे माझा सगळा कायदा आडवा झाला.

त्यानंतर मी त्याने सांगितलेलं सगळं केलं. पुढचं दार लावलं, खिडक्या लावल्या. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसलो. बनियनवर बसायचं नाही म्हणाला, म्हणून शर्ट घातला. कूलरचा आवाज येतो म्हणाला, म्हणून कूलर बंद केला. अकोल्यात मे महिन्यात कूलर बंद करून दारं-खिडक्या लावून बसणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. शर्ट अंगाला चिकटला, खुर्चीच्या प्लास्टिकवर घामाचं थारोळं झालं. संडासला जायचं तर मी त्याची परवानगी मागत होतो. "सर, जाऊन येऊ का?" असं मी हिंदीत, शाळेतल्या पोरासारखं विचारत होतो, आणि तो "दो मिनट" म्हणत होता. कधी तो समोर असे, कधी दुसराच कोणी. कधी नुसती रिकामी खुर्ची दिसे. रिकाम्या खुर्चीसमोरूनही मी उठलो नाही.

दुपारी बायकोचा फोन आला. स्पीकरवर बोलायची मुभा मिळाली.

"जेवले का?" तिने विचारलं.

"हो, खिचडी केली."

"तुमचा आवाज असा काहून येऊन राहिला?"

"झोपेतून उठलो."

"कूलरमध्ये पाणी टाकत जा. अन् रात्री दार नीट लावा," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. समोरचा माणूस हसून म्हणाला, "गुड."

ऊन उतरायला लागलं तेव्हा त्याने घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी सुरू केली. कोणावर संशय आहे का? मी म्हणालो, नाही.

"सोच लीजिए. आपके काग़ज़ किसी ने तो लिए होंगे. कोई तो घर में आता-जाता होगा. नाम नहीं दोगे तो सब आप पे आएगा."

घरात येणारे-जाणारे कितीतरी होते. दूधवाला होता, माझा जुना कारकून होता. बायकोचा भाचा होता, तोच माझा फोन घेऊन त्यात काय काय करून देतो. आधारच्या झेरॉक्सही शेवटच्या त्यानेच काढून आणल्या होत्या. खरोखरच कोणाकडून कागद फुटले असतील असा विचार करायचा झाला असता तर पहिला तोच आठवायला हवा होता. मी त्याचं नाव घेतलं नाही. मी भाईंचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, वकीलपत्रावर लिहितात तसं.

त्या माणसाने मला जात विचारली नव्हती, धर्म विचारला नव्हता. त्याने फक्त नाव मागितलं होतं. कोणतं नाव त्याला पटेल, हे माझं मला कळलं होतं. कोणी शिकवावं लागलं नाही.

"हाँ," तो म्हणाला. "अब बात बनी. ये पहले बोलना था."

त्याने काहीतरी लिहून घेतलं. आणि मला हलकं वाटलं. मला सगळ्यात जास्त लाज याची वाटते. दिवसभर छातीवर बसलेलं ओझं उतरल्यासारखं झालं. त्याचा सूर नरमला, त्याने मला पाणी प्यायला सांगितलं, आणि मी त्याला 'थँक यू सर' म्हणालो. त्या रात्री फोनसमोर खुर्चीतच मला झोप लागली. चांगली लागली.

त्या नावाचं वजन मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. आम्ही दोघं तरुण होतो तेव्हा एका कर्फ्यूत भाईंना घरातून उचललं होतं. शोधत होते दुसऱ्याच कोणाला. त्याचं नाव आणि यांचं नाव सारखं होतं. त्यांची आई आमच्या ओट्यावर येऊन बसली. मी नुकताच कोर्टात जायला लागलो होतो, फौजदारीतलं काही येत नव्हतं, तरी काळा कोट चढवून गेलो. हा तो नाही, हा गादीवाला आहे, याच्या बापाचं नाव वेगळं आहे, हे मी दिसेल त्याला सांगत फिरलो. त्यांना सोडलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत गादीचा कापूस तसाच होता. नंतर त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मात्र तेव्हापासून ठाण्यासमोरचा रस्ता टाळून ते लांबून जातात. वडिलांच्या नावासकट त्यांचं पूर्ण नाव मला तोंडपाठ होतं, ते त्या दिवसापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाने बँकेत काय सांगायचं ते माझ्याकडून पाठ करून घ्यायला सुरुवात केली. ठेव मोडायची होती, कारण विचारलं तर लेकीचं ऑपरेशन सांगायचं होतं. मी दोनदा चुकलो, त्याने पुन्हा म्हणायला लावलं. एवढ्यात दारावर थाप पडली.

"वकीलसाहेब! ओ वकीलसाहेब!"

"कौन है?" फोनमधून आवाज आला.

"शेजारी," मी कुजबुजलो.

"वही?"

"हो. तोच."

"अंदर मत आने देना."

मी दाराजवळ गेलो आणि आतूनच म्हणालो, "तब्येत बरी आहे भाई. झोपतो जरा. तुम्ही जा."

"कूलर कालपासून बंद हाय तुमचा," बाहेरून भाई म्हणाले. "आवाज मेलेल्या मानसासारखा येऊन राहिला आन म्हन्ता बरी हाय? दार खोला."

पावलं दूर गेली. मी परत खुर्चीवर येऊन बसलो. आमच्या गच्च्या एकमेकींना लागून आहेत, मध्ये गुडघाभर कठडा. गच्चीचं दार लावायचं राहिलं होतं. थोड्या वेळाने जिन्यावर चपला वाजल्या आणि भाई खाली उतरले. अंगात बनियन, लुंगी, हातावर कापसाचे तंतू. त्यांनी बंद खिडक्यांकडे पाहिलं, माझ्या भिजलेल्या शर्टाकडे पाहिलं आणि मग फोनकडे. सरळ येऊन त्यांनी फोन उचलला.

"कोन हाय बे तू? म्हाताऱ्या मानसाले काहून बसवून ठेवलं असं?"

पडद्यावरचा माणूस घाबरला नाही. त्याने भाईंकडे नीट पाहिलं आणि सावकाश, वडिलांच्या नावासकट, त्यांचं पूर्ण नाव घेतलं.

"यही हो ना तुम? तुम्हारी भी फाइल खुली है."

गल्लीत कोणाच्या बापाला न भिणारा हा माणूस. कर्फ्यूत खुर्ची टाकून माझ्याशेजारी बसणारा. माझ्यासमोर त्यांचा चेहरा उतरला. हात खाली आला. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, आवाज होऊ नये असा, हळू. मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं,

"याले माह्यं नाव कोनं सांगतलं?"

"त्यांना सगळं माहीत असतं," मी म्हणालो.

हे मी शांतपणे म्हणालो. वकिली आवाजात.

भाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. फोनमधला माणूस दोघांनाही हलू नका म्हणून दरडावत होता. भाई खाली मान घालून तळहाताचा कापूस काढत राहिले. मग उठले.

"चला," ते म्हणाले.

"कुठे?"

"ठान्यात. फाइलीत माह्यं नाव असंन तं घरात बसून काय करू? लपलो तं लपला म्हनतीन. आपल्या पायानं गेलेलं बरं."

ठाणं हा शब्द ऐकला आणि फोनचा पडदा काळा झाला. तो माणूस स्वतःच निघून गेला. माझ्या लक्षात आलं. त्याच क्षणी मला सगळं लख्ख दिसलं, आणि तेव्हाच मी भाईंना सांगू शकलो असतो की भिऊ नका, फाइल-बिइल काही नाही, तुमचं नाव मीच सांगितलं. भाई म्हणाले, "कटला. आता मानसं पाठवतीन." मी शर्ट बदलायला आत गेलो.

बाहेर आलो तेव्हा भाई त्यांच्या दारात उभे होते. त्यांनी धुतलेला पांढरा कुर्ता घातला होता, केस विंचरले होते. भाभींच्या हातात त्यांनी दुकानाच्या चाव्या दिल्या, खिशातून फोन काढून तोही दिला. काहीतरी सांगितलं. भाभींनी पदर तोंडाशी नेला. आपण संध्याकाळी परत येऊ याची त्यांना खात्री नव्हती. मी चार पावलांवर उभा राहून हे पाहत होतो. त्या चाव्या एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मी पाहिल्या, आणि तरी मी बोललो नाही. मग त्यांनी स्कूटर काढली आणि मी मागे बसलो.

ठाण्याच्या पायऱ्यांशी ते क्षणभर थांबले. तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले आणि माझ्या आधी वर चढले.

सायबरच्या टेबलावर एक तरुण बाई होत्या. आमचे चेहरे पाहूनच त्यांना समजलं असावं. त्यांनी आधी पाणी मागवलं, पंखा आमच्याकडे फिरवला. "काका, पैसे गेले का?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. "नशीब. फोनवर अटक असा प्रकारच नसतो. ना पार्सल असतं, ना फाइल. डॉक्टर फसतात, प्रोफेसर फसतात. तुम्ही काय करता?"

"वकील," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. कीबोर्ड ओढून तक्रार टाइप करायला लागल्या. भाईंच्या अंगातला ताण सैल होताना मला शेजारच्या खुर्चीत जाणवत होता. कधी नव्हे ते ठाण्यात बसून ते पूर्ण ग्लासभर पाणी प्यायले. मग त्यांनी साध्या कुतूहलाने विचारलं,

"मॅडम, सगळं खोटं होतं तं मंग माह्यं नाव कसं मालूम त्याले? बापाचं नाव बी सांगतलं त्यानं."

"चाचा, त्यांच्याकडे काहीच नसतं," टाइप करता करता त्या म्हणाल्या. "समोरचा माणूस जे सांगतो तेच ते फिरवून..."

त्यांची बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लगेच नजर काढून पडद्याकडे नेली आणि उगाच एक ओळ खोडली.

"असं व्हय," भाई म्हणाले.

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पुढची सगळी तक्रार लिहून होईपर्यंत ते भिंतीवरच्या सूचना वाचत बसले. मी सही केली. बाईंनी मला विचारलं, "अजून काही सांगायचं आहे का?" मी नाही म्हणालो.

परत येताना मी स्कूटरवर मागची दांडी धरून बसलो. जाताना त्यांचा खांदा धरला होता. घरासमोर उतरल्यावर भाई म्हणाले, "कूलर लावा. आंघोळ करा, खाऊन घ्या काही." आणि आत गेले. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे मशीन सुरू झाली.

लेकीला मुलगी झाली. बायको महिन्याने परत आली तेव्हा गल्लीत माझी गोष्ट सगळ्यांना माहीत झालेली होती. लोक चौकशीला येत, मी सांगत असे. सांगता सांगता गोष्ट छान तयार झाली होती. कूलर, भिजलेला शर्ट, परवानगी काढून संडासला जाणं, या ठिकाणी लोक हसत आणि मीही हसत असे. गच्चीवरून भाई उतरतात तिथे मी आवाज चढवत असे. नावाचा भाग त्यात नव्हता. एकदा तर भाईंच्याच पायरीवर बसून मी ती दोन गिऱ्हाइकांना सांगितली. भाई सुईत दोरा ओवत ऐकत होते. जिथे मान डोलवायची तिथे त्यांनी मान डोलवली. त्यांनी मला उघडं पाडलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

नातीसाठी गादी आणि दुलई शिवायची होती. लेकीच्या वेळी भाईंनीच शिवली होती, त्यामुळे बायकोने दुसरीकडे चौकशीही केली नाही. ती न्यायला मी गेलो. दुकानात कोणी नव्हतं. भाईंनी गादी घडी करून कागदात बांधली, सुतळीची गाठ मारली आणि पुडकं माझ्या हातात न देता मांडीवरच ठेवलं.

"एक इचारतो," ते म्हणाले. "तुमाले खरंच तसं वाटलं होतं का? माह्यावर शक होता? का नुसतं सुटासाठी सांगतलं?"

"सुटण्यासाठी," मी म्हणालो. "शंका नव्हती. कधीच नव्हती."

"मंग ठीक हाय."

बाहेरून एक हातगाडी गेली. तिचा आवाज जाईपर्यंत ते थांबले.

"नाई," ते म्हणाले. "ठीक नाई. शक असता तं मी भांडलो असतो तुमच्यासंग. आता काय भांडू? तुमी मले वळखता, तरी सांगतलं."

मी माफी मागितली. शब्द कोणते वापरले ते आठवत नाही, खूप वापरले एवढं आठवतं. भाईंनी मध्येच हात वर केला. "बस झालं जी. पोरीले घामोळ्या येतात उन्हाच्या, दुलई आता टाकू नका तिच्यावर. थंडीत काढा." आणि पुडकं माझ्याकडे सरकवलं.

अमरावतीला बारसं झालं. भाभी आल्या, बायकोसोबत दोन दिवस आधीपासून राबल्या. भाई आले नाहीत. दुकानात काम आहे म्हणाले. लग्नसराई संपली होती, दुकानात काम नव्हतं, हे आमच्या दोघांच्याही बायकांना माहीत होतं.

लेकीच्या कॉलनीत ज्येष्ठांचं एक मंडळ आहे. व्याह्यांनी तिथे माझ्याबद्दल सांगितलं असावं. दिवाळीनंतर त्यांनी मला बोलावलं: फोनवरच्या फसवणुकीबद्दल अनुभव सांगा, लोक सावध होतील. समाजमंदिराच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती, बहुतेक माझ्यासारखी: निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसं, एक-दोन वकील. मी नेहमीची गोष्ट सुरू केली. कूलरवर हशा झाला. पुढे त्या चौकशीपाशी आलो आणि का कोण जाणे, त्या दिवशी मला तो भाग ओलांडता आला नाही. मी सांगितलं की त्याने नाव मागितलं आणि मी माझ्या शेजाऱ्याचं दिलं. शेजारी मुसलमान आहे, म्हणूनच दिलं, हेही सांगितलं. जिना उतरून मला वाचवायला आला तो हाच, हेही.

हॉल गप्प होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. माणसं सहानुभूतीने माना हलवू लागली. "अहो, अशा वेळी कोणाचंही डोकं चालत नाही," पहिल्या रांगेतल्या बाई म्हणाल्या. आणि मागून एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "पण वकीलसाहेब, नाव मात्र बरोबर सुचलं तुम्हाला!"

हशा झाला. फार मोठा नाही. चांगली, घरंदाज माणसं होती, कोणी मनाला लावून घ्यावं असं आपण काही केलं, असं त्यांना वाटलंही नसेल. मी माइक धरून उभा होतो. टेबलावर चाकू ठेवणाऱ्या माणसाला मी इतका भ्यालो नव्हतो. हसून पुढे जाणं सगळ्यात सोपं होतं आणि माझं तोंड हसायच्या तयारीत आलेलंही होतं.

"नाही," मी म्हणालो. "असं बोलू नका."

यापुढे काहीतरी जोरकस बोलायला हवं होतं. आयुष्यभर बोलण्यावर पोट भरलं, पण तिथे मला सुचलं नाही. "तो माझा शेजारी आहे," एवढंच मी पुन्हा म्हणालो. "मला तुमच्याकडून हसू नको होतं." आवाज चिरका निघाला. अध्यक्ष घाईने उठले, त्यांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि चहा तयार असल्याचं जाहीर केलं. चहाला माझ्याभोवती फारसं कोणी थांबलं नाही. ते गृहस्थ लांबून माझ्याकडे पाहत दुसऱ्याशी बोलत होते. व्याही गाडीत म्हणाले, "तेवढा भाग टाळला असता तर चाललं असतं."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने मी अकोल्याला आलो. भाई दुकानासमोर झाडत होते. मी पिशवी खाली ठेवली आणि उभ्याउभ्याच त्यांना सांगितलं की काल अमरावतीला, लोकांसमोर, मी सगळं सांगून आलो. हशाचं सांगितलं नाही. तेवढं माझ्या तोंडातून निघालं नाही.

भाई झाडू टेकवून ऐकत होते.

"माह्यं नाव घेतलं का तेथं?" त्यांनी विचारलं.

"नाही. नाव नाही घेतलं."

"हां." त्यांनी थोडा विचार केला. "मंग बरं केलं."

कचरा कडेला लोटून ते पुन्हा झाडायला लागले. मी पिशवी उचलली तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारलं, "बसमधी जागा भेटली का?"

"मूर्तिजापूरले भेटली," मी म्हणालो.